न म्हटलेलं ‘पुरं’

आमच्या सिनेमातला शेवटचा शब्द अक्कांनी उच्चारलेला नाही. आवाज त्यांचाच आहे, पण तो शब्द त्या कधी बोललेल्या नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या साउंडवाल्या इक्बालला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या अक्कांना तर नाहीच.

सिनेमा मुलांचा, ॲनिमेशनचा. एक हावरी म्हैस तळ्याचं सगळं पाणी पिऊन टाकते, फुगून टेकडीएवढी होते. रानातली तहानलेली जनावरं तिच्यापुढं येऊन उभी राहतात. शेवटी ती ‘पुरं’ म्हणते आणि पाणी सोडून देते. गोष्ट एवढीच. लिहिली मी, दिग्दर्शन माझं, म्हशीचा आवाज अक्कांचा. ज्यांनी पाहिला ते अजून त्या ‘पुरं’ची आठवण काढतात. त्या शब्दाच्या आधी म्हैस एक श्वास घेते. त्या एका श्वासात सगळं आलं, असं एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं होतं. मी खाली मान घालून आभार मानले. लोकांना तो माझा विनय वाटला.

पण अक्कांविषयी लिहायला ‘पुरं’पासून सुरुवात करणं हाही त्यांच्यावर अन्यायच. कारण तो शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच.

अक्का म्हणजे आमच्या स्टुडिओच्या घरमालकीण. कोल्हापुरात गंगावेशीजवळ त्यांचं घर. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली त्या. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून कानडी वळणानं सगळ्यांच्या अक्का, थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं काढली तरी मला त्या ‘पावणं’च म्हणायच्या. एकदा मी म्हणालो, “अक्का, आता तरी नावानं हाक मारा की.”

“भाड्यानं ऱ्हातोय तवर पावणंच की,” त्या म्हणाल्या. “घर नावावर करून घ्यायचा इचार हाय व्हय?”

त्या हावऱ्या होत्या. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, त्याच जातील तिथं सांगायच्या. “मी हावरी हाय. आधीच सांगितल्यालं बरं, मागनं बोभाटा नको.”

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात. पैलवान येतात, नोकरदार येतात, उभ्या उभ्या पेला रिकामा करून जातात. अक्का उभ्या राहत नसत. कट्ट्यावर बसायच्या. पेला हातात आला की तोंडाला न लावता त्याच्याकडं बघत राहायच्या. वरचा फेस बसला, दूध दोन बोटं खाली गेलं, की पेला पुढं करायच्या. “भर.”

“अक्का, फेस बी दूधच की,” गवळी म्हणायचा.

“मग तू पी की फेस. मला दूध दे.”

रोज हाच संवाद. आणि तो रोज भरायचा. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस चिडेल. पण अक्का दोन दिवस आजारी पडल्या तेव्हा तोच किटली घेऊन दारात आला. म्हणाला, “फेस काढून आणलाय, सांगा त्यास्नी.”

नृसिंहवाडीला गेल्या की त्या प्रसादाला दोन्ही हात वेगवेगळे पुढं करायच्या. आपण उजवा हात पुढं करतो, डावा त्याच्या खाली धरतो. अक्कांचे हात एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. पुजारी म्हणाला, “आजी, एकच घ्यावा.” अक्का म्हणाल्या, “देवानं दोन दिल्यात. त्येला इचारा कशाला दिलं ते.” बाहेर आल्यावर कवठाची बर्फी घ्यायच्या, दोन खोकी. एक माझ्या देखत फोडून आम्हाला वाटायच्या. दुसरं कडीकुलपात. त्याची किल्ली कमरेला.

नळाला पाणी आलं की त्यांच्या घरातलं एक भांडं रिकामं राहायचं नाही. घागरी, पातेली, डबे भरून झाले की तांबे, मग वाट्या. एकदा मी त्यांना चहाच्या कपात पाणी भरून ओळीनं मांडताना पाहिलं. खालून ओरडायच्या, “अजून येतंय! अजून येतंय! आना की भांडी!” सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

त्याच हाकेनं आमची म्हैस जन्माला आली. म्हशीच्या आवाजासाठी आम्ही पुण्याहून एक नटी बोलावली होती. फार गुणी बाई. पण त्यांची म्हैस तळं प्यायची ते औषध घेतल्यासारखी. दुपारभर रेकॉर्डिंग चाललं आणि मध्येच नळाला पाणी आलं. खालून अक्कांचा आवाज. नटी थांबल्या. इक्बालनं हेडफोन काढले, कान लावून ऐकलं आणि मला हळूच म्हणाला, “सर, म्हैस खाली हाय.”

इक्बाल मुरगूडचा. आवाजाच्या बाबतीत तो कुणाची भीड ठेवत नाही.

अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी करीन. पन माझी म्हैस मरता कामा न्हाय शेवटाला.” मरत नाही म्हणालो. “आणि बारीक बी व्हायची न्हाय.” मी म्हणालो, बघू.

आमच्या खोलीत आवाज घुमायचा. भिंतींना लावायचे ते फोमचे पट्टे आणायची आमची ऐपत नव्हती. अक्कांनी आपल्या वाकळा वर आणल्या. जुन्या लुगड्यांच्या, हातानं टाके घातलेल्या जाड गोधड्या. त्यांच्याकडं त्यांचा ढीग होता, कुणाचं लुगडं फाटलं की मागून आणायच्या. खोलीच्या चारी भिंती वाकळांनी झाकल्या, दाराला एक, खिडकीला एक. त्या रंगीत गुहेत बसून अक्का एक आख्खं तळं प्यायल्या. हातात कागद नाही. वाचता यायचं, पण त्यांना ते आवडत नसे. मी प्रसंग सांगायचो आणि त्या बोलायच्या. मी लिहिलेल्या ओळी त्यांच्या बोलण्यापुढं फिक्या पडायला लागल्या तेव्हा मी कागद खिशात घातला. आज सिनेमातल्या ज्या वाक्यांना मुलं हसतात, त्यांतली बहुतेक अक्कांची आहेत. श्रेयनामावलीत मी तसं लिहिलंही आहे. तेवढं प्रामाणिकपण होतं माझ्यात.

मी स्वतः आयुष्यभर ‘नको, पुरे’ म्हणत आलेला माणूस. आमच्या घरची तीच शिकवण. दुसऱ्याच्या दारात चहा घ्यायचा नाही, ताटात एक घास ठेवून उठायचं, मागून काही घ्यायचं नाही. लोक त्याला सभ्यपणा म्हणतात. त्यातला अर्धा भित्रेपणा होता हे मला अक्कांनी दाखवलं.

गल्लीत एकाच्या नातवाचं जावळ होतं. मटणाचं जेवण, मांडवात पंगत. अक्का माझ्या शेजारी. सकाळपासून काही न खाता आलो होतो आणि भुकेनं जीव जात होता. वाढणारा दुसऱ्यांदा आला तसा मी सवयीनं पत्रावळीवर हात आडवा धरला. “पुरे.”

अक्कांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला.

“वाढ रं ह्यास्नी. लाजत्यात. आनि ह्या पलीकडच्या पोरीला बी वाढ, ती मघापास्नं तुझ्या बादलीकडं बघतीया. आनि मला रस्सा. पांढरा. तांबडा बी. बादली हितंच ठेव की.”

वाढपी हसला. पलीकडची मुलगी लाजली आणि जेवली. मीही जेवलो. इतकं पोटभर परक्या मांडवात मी कधी जेवलो नव्हतो.

परत येताना अक्का सावकाश चालत होत्या. म्हणाल्या, “पावणं, पुरं म्हणत जाऊ नका. माझी आई म्हणायची. आमी सगळी जेवून उठलो की तिला इचारायचो, आई, तू? ती म्हणायची, मला पुरं. एक दिवस मी भांड्यात डोकावून बघितलं. काय सुदीक नव्हतं.” थोडं पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या, “तवा ठरीवलं, ह्यो शबुद माझ्या तोंडातनं काढायचा न्हाय. भांडं रिकामं असंल तर वाढणाऱ्यानं सांगावं. आपन कशाला सांगायचं?”

त्या दिवसानंतर मी मागायला शिकलो, हळूहळू. वडिलांच्या ऑपरेशननंतर डॉक्टर दोन शब्द बोलून निघाले तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, “बसा की जरा. मला नीट कळलं नाही.” ते बसले. घरी काय काय सांभाळायचं ते नीट सांगितलं. वडिलांची शेवटची वर्षं सुखाची गेली ती त्या बसण्यामुळं. त्याचं पुण्य मी अक्कांच्या खात्यावर धरतो. निर्माते पुण्याहून आले आणि म्हणाले सिनेमा उन्हाळ्याच्या सुट्टीत लागलाच पाहिजे, तेव्हाही अक्काच कुणी न बोलावता जिना चढून आल्या आणि मध्ये बसल्या. “पोरं डोळं फोडून चित्रं काढाय लागल्यात. दिवाळीपतोर थांबा की. म्हैस काय पळून जातीया व्हय?” निर्माते थांबले. माझ्यावर सोडलं असतं तर थांबले नसते, कारण मी विनवलंच नसतं.

आता ते ‘पुरं’.

शेवटच्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग. मी सांगितलं, “अक्का, सगळी जनावरं समोर आली आहेत. पाडसाची जीभ बाहेर आली आहे. म्हैस त्याच्याकडं बघते. आणि म्हणते, पुरं.”

अक्का माइककडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं.

“ह्ये न्हाय म्हणायची मी.”

“एकच शब्द आहे, अक्का.”

“तोच न्हाय म्हणायची.”

इक्बाल कोपऱ्यातून, हेडफोन काढून म्हणाला, “अक्का, म्हणून टाका. तेवढ्यानं काय भूक मरतीया व्हय?”

“तू म्हण की मग. तुझा आवाज बी म्हशीवानीच हाय.”

इक्बाल हसला, मी नाही. मी समजावलं. हा लोभावरचा सिनेमा आहे, लोभ सुटला पाहिजे, नाहीतर मुलं काय घेऊन घरी जाणार. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

“पावणं, म्हशीचं चुकलं काय? तहान लागली, प्याली. एकटी प्याली, हे चुकलं. मग पानी सोडू दे की तिला. पन पुरं झालं म्हणून न्हाय. समदी आल्यात म्हणून.” आणि माइककडं तोंड करून, कुणी सांगायच्या आत, त्या बोलल्या. हळू आवाजात, जरा सरकून जागा करून दिल्यासारखं.

“या की. तुमी बी या.”

इक्बालनं अंगठा वर केला. रेकॉर्ड झालं होतं.

हे सगळं निर्मात्यांवर ढकलता आलं असतं. पण त्यांनी दोन्ही ऐकून, तुम्हाला पटेल ते ठेवा, असं सांगितलं होतं. मलाच थिएटर रडवायचं होतं. ‘या की’ला लोक हसले असते, कदाचित गोड हसले असते. ‘पुरं’ला रडणार होते. मला ते रडणं हवं होतं आणि माझ्याकडं सिनेमाभर जे होतं ते त्यापुढं कमी वाटायला लागलं. लोभावर सिनेमा करणाऱ्या माणसाला हे त्या वेळी दिसू नये याचं मला आजही नवल वाटतं.

पौर्णिमेला अक्का नृसिंहवाडीला गेल्या. स्टुडिओला सुट्टी होती. भर दुपारी मी एकटा वर बसलो. हल्ली संगणकाला एखाद्याचा आवाज पुरेसा ऐकवला की तो त्या आवाजात हवं ते बोलून देतो. अक्कांचं तळंभर बोलणं माझ्याकडं होतं. मी ते सगळं त्याला दिलं. ‘पुरे’ लिहिलं तर शहरातल्या बाईसारखं आलं. मग ‘पुरं’ लिहिलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं. त्यातल्या एका ‘पुरं’च्या आधी यंत्रानं आपल्याच मनानं एक श्वास घातला. थकलेला, हार मानलेला. तसा श्वास अक्कांनी माझ्या देखत कधी घेतला नव्हता. तेच मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी इक्बालला सांगितलं, अक्का तयार झाल्या, मीच रेकॉर्ड केलं. त्यानं ऐकलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाला, “झाल्या तयार? कमाल हाय.” आणि कामाला लागला.

त्या पौर्णिमेच्याच संध्याकाळी अक्का वाडीहून आल्या. जिन्याखालूनच हाक. “पावणं, बर्फी.” खोकं फोडलं आणि सगळ्यांत मोठी वडी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणालो.

“परत सुरू झालं व्हय तुमचं?” त्या म्हणाल्या. मी खाल्ली.

सिनेमा कोल्हापुरात लागला तेव्हा पहिल्या खेळाला अक्का इरकल नेसून आल्या होत्या. पॉपकॉर्नचे दोन पुडे, एक हातात, एक पिशवीत. पडद्यावर म्हैस आली की शेजारणीला कोपर मारायच्या. “मी हाय ती. बघ, प्याली समदं.” मुलं खिदळत होती. मी त्यांच्यापेक्षा अक्कांकडंच बघत होतो.

शेवट आला. पाडसाची जीभ. म्हशीचा श्वास. “पुरं.”

मागं कुणीतरी नाक ओढलं. अक्कांचा हात पुड्यात होता, तो तिथंच राहिला.

बाहेर लोक त्यांना नमस्कार करत होते, फोटो काढत होते. त्या सरळ रिक्षाकडं चालत गेल्या. रिक्षात बसल्यावर, रंकाळा मागं पडल्यावर म्हणाल्या, “ते मी कवा म्हणलं रं?”

पावणं नाही. रं.

मला खरं बोलायला तेवढी एक संधी होती. मी म्हणालो, “म्हणाला होतात, अक्का. शेवटच्या दिवशी. अंगात कणकण होती तुमच्या, आठवत नसेल.”

“व्हय?”

“हो.”

त्यांनी पुड्याचं तोंड दुमडलं. पुन्हा दुमडलं. “म्हणलं असंल मग,” त्या म्हणाल्या. “आवाज तर माझाच हाय.”

आवाज चोरला हे एक झालं. पण त्या रिक्षात मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लावला, ते मला जास्त जाचतं. त्यानंतर त्या मध्येच विचारायच्या, “पावणं, मी काल दूध आनलं का न्हाय?” आधी कधी विचारत नसत. वयही झालं होतं, हे खरं. पण मला प्रत्येक वेळी रिक्षाच आठवायची.

मग गुडघे गेले आणि त्या भावाकडं गडहिंग्लजला राहायला गेल्या. घर अजून त्यांचंच आहे, वर आम्हीच आहोत. जाताना सगळं बांधून नेलं, रिकामे डबेसुद्धा. भिंतीवरच्या वाकळा काढायला मी स्टूल घेतलं तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या त्या. पन ध्यानात धरा. ठेवल्यात, दिल्या न्हायत.”

मी हसलो. टेम्पो गेल्यावर वर आलो, त्या वाकळांच्या खोलीत बसलो, आणि ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. त्यांचा आवाजही माझ्याकडं तसाच होता.

मागच्या महिन्यात एसटीनं गडहिंग्लजला गेलो. सांगायचंच असं ठरवून. भावाची सून मोठी आदबशीर. आग्रहानं जेवायला बसवलं. अक्का माझ्या शेजारी, तशाच, मांडी घालता येईना म्हणून पाटावर पाय सोडून. तब्येत उतरलेली. पण माझ्या ताटाकडं लक्ष. “पावण्यास्नी वाढ की. लाजत्यात ते.” सुनेनं मला वाढलं आणि आमटीचं पातेलं अक्कांकडं वळवलं.

अक्कांनी ताटावर हात आडवा धरला.

“पुरं.”

सून सहज पुढं गेली. तिला त्यात काही वाटलं नाही. हल्ली भूक कमी झालीय, म्हणाली. माझा घास हातातच राहिला. अक्कांच्या ते ध्यानात आलं. त्या गालातल्या गालात हसल्या.

“काय बघताय? एकदा म्हणून बसले की तुमच्या सिनेमात. आता ह्यो शबुद कुठल्या तोंडानं टाळू?”

मी तेव्हाही सांगितलं नाही. सून होती, भाऊ होता, ताट पुढं होतं; कारणं मला नेहमी सापडतात. निघताना अक्कांनी गुळाची ढेप माझ्या पिशवीत कोंबली. मी यावेळी नको म्हणालो नाही. एवढं त्यांनी शिकवलेलं मी अजून पाळतो.

त्यांनी मला भूक लागल्यावर हात पुढं करायला शिकवलं. त्यांच्यामुळं सिनेमा झाला, वडिलांची शेवटची वर्षं बरी गेली, आणि मी माणसांत बसून पोटभर जेवायला लागलो. मी त्यांच्या तोंडात तो एकच शब्द घातला, जो त्यांनी आयुष्यभर बाहेर ठेवला होता.

“या की. तुमी बी या” हे त्यांचं खरं वाक्य आमच्या संगणकात जसंच्या तसं आहे. ते सिनेमाच्या शेवटी घालायचं आहे आणि माझं ‘पुरं’ काढायचं आहे. त्याच्याही आधी गडहिंग्लजला जाऊन, ताटावर बसायच्या आत, अक्कांना सांगायचं आहे की ते तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.